कुलुपातली नावं

चिंधू सोमकुवरनं उमरखोरीच्या मँगनीज खाणीत बावीस वर्षं सुरुंगाची भोकं पाडली, पण खाणीच्या दप्तरात तो कुठंच नव्हता. तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार चार बदलले, चिंधू तोच राहिला, आणि प्रत्येक नवा ठेकेदार त्याला कालच कामावर आलेला धरायचा. दगडाची धूळ खाऊन छातीचं असं झालं होतं की बोलता बोलता मधेच थांबून श्वास गोळा करावा लागे. कायम झालेल्या कामगाराला खाणीच्या दवाखान्याचं कार्ड मिळायचं, गरज पडली तर नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचे. ठेकेदाराच्या माणसाला खोकल्याची गोळी, तीही कंपाउंडरसाहेब खुशीत असले तर.

त्याचा मुलगा भाऊराव मात्र दप्तरात होता, आणि चांगला पक्का होता. मॅट्रिक झाल्यावर हा पांढुर्ण्याला मावशीकडे राहून प्रभाकर मास्तरांच्या क्लासात टायपिंग शिकला. मास्तर कडक. बोटांकडे नजर गेली की मनगटावर पट्टी. भाऊराव आठ महिन्यांत असा तयार झाला की कागदावर डोळे ठेवून दोन पानं खाडाखोड न करता काढायचा. खाणीच्या सौंसरच्या ऑफिसात लिपिकाची जागा निघाली तेव्हा टायपिंगच्या परीक्षेत तो पहिला आला, आणि साहेबांना त्याला घ्यावंच लागलं. घ्यावंच लागलं असं म्हणायचं कारण, त्यांना दुसऱ्या कोणाला तरी घ्यायचं होतं. ते जाऊ द्या.

सत्त्याऐंशी साली ऑफिसात संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना दुहेरी पडदे, आणि आत शिरताना चपला बाहेर! माणसं धुळीत मेली तरी चालतील, मशीनला धूळ लागता कामा नये. जुने बाबू त्या खोलीच्या वाऱ्यालाही उभे राहिनात. एक म्हणाला माझे डोळे अधू आहेत, दुसरा म्हणाला माझी निवृत्ती जवळ आली. राहिला भाऊराव. त्याला तीन आठवडे नागपूरच्या मुख्य ऑफिसात शिकायला पाठवलं.

तिथं मुकुंद देशकर नावाचा, त्याच्याच वयाचा, मोकळ्या स्वभावाचा माणूस मशीनघर सांभाळायचा. त्यानं शिकवलं. काळ्या पडद्यावर एक हिरवी खूण लुकलुकत असते, तिच्यापुढे हुकूम टाईप करायचा. अक्षर बरोबर असलं तर मशीन मुकाट्यानं काम करते. एक अक्षर चुकलं तर साफ सांगते, कळलं नाही. भाऊरावला हे फार आवडलं. मुकुंदला तो म्हणाला होता, “देशकरजी, हिले मानूस कोनाचा हाय ते नाही पाहिजे. बरोबर लिहिलेलं पाहिजे, बस.” मुकुंद हसला. भाऊराव हसला नाही, कारण तो हे मनापासून बोलला होता.

सौंसरहून नागपूरच्या मोठ्या मशीनकडे फाईल पाठवायची पद्धत अशी होती. त्या मशीनला आता सर्व्हर म्हणतात, तेव्हा सगळे मोठी मशीनच म्हणायचे. आधी फाईलला कुलूप लावायचं. त्याचा एक हुकूम होता. तो दिला की मशीन किल्लीचा शब्द विचारायची. हा शब्द दर तिमाहीला नागपूरहून लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटातून यायचा. टाईप करताना तो पडद्यावर दिसायचा नाही, दोनदा लिहावा लागायचा, आणि मग फाईलमधल्या ओळींचा असा काही भुगा व्हायचा की लिहिणाऱ्यालाही वाचता येऊ नये. मग टेलिफोन. सौंसरच्या एक्सचेंजमध्ये अलका म्हणून बाई होत्या, त्या नागपूरची लाईन जोडून द्यायच्या. पलीकडून शिट्टीसारखा आवाज आला की रिसीव्हर एका पेटीवरच्या दोन रबरी वाट्यांत दाबून बसवायचा. एवढं झालं की पडद्यावर पाठवायचा हुकूम. फाईलचा एकेक तुकडा गेला की एकेक टिंब उमटायचं.

ही पेटी आवाजावर चालायची, म्हणून खोलीत चिडीचूप लागायचं. दार आपटलं की टिंबं थांबली. तीन मिनिटं झाली म्हणून एक्सचेंजच्या बाईनं लाईनवर तोंड घातलं तर सगळं पहिल्यापासून. भाऊरावनं अलकाबाईंच्या घरी जाऊन हात जोडले होते. “ताई, सकाळी साडेपाचले लाईन मोकळी राहाते. तेव्हा देत जा, अन् मंधात बोलू नका. माह्या नोकरीचा सवाल हाय.” अलकाबाई एकदाही मधे बोलल्या नाहीत. तो रिसीव्हरवर जुनी शाल गुंडाळायचा आणि अर्धा तास श्वासही बेतानं घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. संगणक आला त्याच साली ठेकेदाराच्या जुन्या माणसांना कायम करायची एक यादी कागदावर जीपमधून नागपूरला गेली होती. सौंसरहून निघताना तिच्यात जी नावं होती, ती नागपूरला पोचली नाहीत. तीस जुनी माणसं वाटेतच गळाली आणि तीस अशी नावं शिरली जी खाणीत कोणी ऐकलीही नव्हती. त्यावरून अकरा दिवस काम बंद राहिलं, मारामारी झाली, ती यादीच रद्द झाली. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये शेवटची संधी आली. त्या महिन्याअखेर ठेका संपणार होता आणि पुढं ठेक्याची पद्धतच बंद. ज्याचं नाव एकतीस मार्चला मंजूर होईल तो खाणीचा, बाकीचे घरी.

या वेळी यादी जायची कशी, यावर कामगारांची सभा झाली. कागदावर कोणाचा भरवसा उरला नव्हता. तेव्हा भाऊराव उभा राहिला. सभेत बोलायची त्याची ही पहिली वेळ. तो म्हणाला, “मशीनीनं पाठवू. कुलूप लावून पाठवू. एकतीसले तिकडं तीन मानसं बसतीन, साहेबायचा एक, लेबर ऑफिसचा एक, युनियनचा एक. त्यायच्यासमोरच कुलूप उघडन. तोपर्यंत साहेब असो का मंत्री असो, कोनाले आत हात घालता येनार नाही. मलेसुद्धा नाही.” दगडफोडीवर काम करणारा गुलाब मेश्राम आडदांड माणूस, त्याचा शब्द चालायचा. त्यानं विचारलं, “तू जबाबदारी घेतं का?” भाऊराव म्हणाला, “घेतो.” चिंधू शेवटच्या रांगेत बसून मुलाकडे बघत होता. त्याला मशीन समजत नव्हती, पण भर सभेत आपलं पोरगं उभं राहून बोलतं हे समजत होतं.

भाऊरावनं चार दिवस बसून जुने हजेरीपट काढले, वर्षं आणि दिवस ताडून पाहिले, आणि दोनशे बारा नावांची यादी बनवली. चिंधू दुसऱ्या पानावर होता. नाव, बापाचं नाव, गाव, काम, किती वर्षं. लोधीखेड्याची माणसं, मोहगावची, बोरगावची. होळीच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, त्यानं ती पाठवली. वीस मिनिटं टिंबं उमटत राहिली. मग पडद्यावर आलं, फाईल पूर्ण मिळाली. भाऊरावचे डोळे भरून आले. नियम असा होता की पोच आली की सौंसरची प्रत पुसून टाकायची, म्हणजे मागं काही चोरायला उरत नाही. त्यानं साहेबांसमोर फ्लॉपी पुसली, साहेबांची सही घेतली, जावक रजिस्टरला नोंद केली. अगदी काटेकोर!

संध्याकाळी त्याची धाकटी बहीण पुष्पा आली. नवरा गेल्यावर ती दोन पोरींना घेऊन माहेरी राहत होती आणि खाणीवर ढुलाईच्या टोळीत होती, डोक्यावर टोपल्या वाहायची. तिनं सहज विचारलं, “दादा, माह्यं नाव कोन्त्या पानावर हाय?”

भाऊराव जागच्या जागी थिजला. ढुलाईच्या बायांची हजेरी वेगळ्या वहीत असायची, ती वही मुकादमीनबाईच्या घरी. त्यानं ऑफिसातले सगळे पट पाहिले, ती वही पाहिलीच नव्हती. सख्खी बहीण रोज ज्या कामावर जाते, ते काम यादीत नाही! त्यानं कपाळावर हात मारला. तसाच उठून सायकल काढली, मुकादमीनबाईकडून वही आणली, कंदिलाशी धरून दिवस मोजले. नियमात बसणाऱ्या नऊ बाया निघाल्या. पुष्पा त्यांतली एक.

तो तडक साहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेब जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सोमकुवर, इसमें क्या है? पुरवणी पाठवा. मूळ क्रमांकावरच पाठवा, हां. वेगळा नंबर दिला तर तिकडं दोन प्रकरणं होतील, एक मंजूर आणि एक लटकलेलं.”

यात साहेबांनी नवीन काही सांगितलं नव्हतं. सगळ्या सरकारी, निमसरकारी ऑफिसांत हेच चालतं. मूळ पत्र गेलं, त्यात काही राहिलं, की त्याच क्रमांकावर पुरवणी जाते आणि तिकडचा बाबू ती दोऱ्यानं मूळ पत्राच्या मागं जोडतो. दोघांचा मिळून एक कागद होतो. भाऊरावनं सहा वर्षांत अशा शेकडो पुरवण्या टाईप केल्या होत्या. शंका यावी तरी कशाची?

शुक्रवारी सकाळी साडेपाचला त्यानं नऊ नावांची फाईल बनवली. फाईलचं नाव म्हणजे पत्राचा क्रमांक, तेच दिलं जे कालच्या फाईलला होतं. वर स्वच्छ लिहिलं, पुरवणी यादी. कुलूप लावलं, अलकाबाईंनी लाईन दिली, शाल गुंडाळली. सातच टिंबं उमटली. पडद्यावर आलं, फाईल पूर्ण मिळाली. त्यानं ही प्रतही पुसली, रजिस्टरला नोंद केली, आणि हलक्या मनानं घरी जाऊन पुष्पाला सांगितलं, “तुह्यं नाव गेलं व बाई.”

पुढचे दोन आठवडे वस्तीत जी खुशी होती, ती लिहायलाही जीव होत नाही. मृगबहाराची संत्री उतरत होती, मोहगावच्या कोणी टोपलीभर आणून भाऊरावच्या दारात ठेवली, कोणी ठेवली ते सांगितलंही नाही. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, “काय भाऊराव, नावं बरोबर हायेत ना?” तो म्हणायचा, “कुलुपात हायेत. देव आला तरी हात लावू शकत नाही.” गुलाबनं त्याला होळीला खांद्यावर घेऊन नाचवलं. चिंधू अंगणात बाजेवर बसून पुष्पाच्या पोरींना सांगायचा की कार्ड झालं की मी नागपूरले जाईन, छातीचा फोटू काढीन, अन् मंग तुमच्यासंगं पळीन. पोरी म्हणायच्या, तुम्ही हरसान. चिंधू म्हणायचा, पाहू.

एकतीस मार्चला शुक्रवारी नागपुरात कुलूप उघडलं. शनिवारी दुपारी सौंसरच्या ऑफिसात तार आली. यादी प्राप्त, कुलूप शाबूत, तिन्ही प्रतिनिधींच्या सह्या झाल्या, नऊ कामगार कायम म्हणून मंजूर.

भाऊरावनं ती तीनदा वाचली. एक तारीख होती म्हणून कोणी एप्रिल फूल केलं की काय, असंही त्याच्या मनात आलं. मग त्यानं ट्रंक कॉल लावला, तर शनिवारी मुख्य ऑफिस दुपारीच बंद. शनिवार गेला, रविवार गेला. त्यानं घरात कोणाला काही सांगितलं नाही. वत्सलानं, त्याच्या बायकोनं, दोनदा विचारलं, जेवत काहून नाही, पोट दुखून राहिलं का? तो हो म्हणाला.

सोमवारी पहाटेच्या छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीनं तो नागपूरला गेला. मुकुंद देशकरनं त्याला मशीनघरात नेलं, खुर्ची दिली, आणि पडद्यावर हुकूम टाईप करून सौंसरच्या नावाचं सगळं समोर आणलं. एकच ओळ होती. एक फाईल, शुक्रवारची, नऊ नावांची.

“गुरुवारी पाठवलेली कुठं हाय?”

मुकुंदला आधी समजलंच नाही. भाऊरावनं सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “अरे भाऊराव, एका नावाची इथं एकच फाईल राहते. त्याच नावानं दुसरी आली की ती पहिलीच्या जागेवर बसते. पहिली जाते.”

“जाते म्हंजे? मांगं लागत नाही?”

“मागं कोण लावणार? इथं बाबू बसलेला नाही. हे तुला शिकवताना मी बोललो नव्हतो का?” मुकुंद थांबला. आठवायचा प्रयत्न केला त्यानं. “नसेन बोललो. महिन्याला तुझी एकच फाईल यायची रे. असं कधी होईल असं वाटलंच नाही.”

फाईलींची प्रत टेपवर उतरवून ठेवतात ना, भाऊरावनं विचारलं. ठेवतात, पण शनिवारी. गुरुवारची फाईल त्या मशीनमध्ये एक दिवस होती. शनिवारी टेप चढली तेव्हा तिच्यावर नऊ नावं उतरली. गुरुवारच्या फाईलचा कुठं काही मागमूस उरला नव्हता. सौंसरची प्रत भाऊरावनं स्वतःच्या हातानं पुसलेली, त्यावर साक्षीदाराची सही.

मुकुंद बिचारा चांगला माणूस. तो त्याला घेऊन वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे गेला, माझीही चूक आहे म्हणाला. साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “तुम्ही म्हणता दोनशे बारा नावं होती. कशावरून?” भाऊरावनं जावक रजिस्टर सांगितलं. रजिस्टरात दोन्ही दिवशी फक्त यादी पाठवली एवढंच लिहिलेलं, किती नावांची ते नव्हतं, कारण गुप्त मजकुराचा तपशील रजिस्टरात लिहायचा नाही असाही नियम होता. कुलूप उघडताना बसलेला युनियनचा माणूसही नागपूरचाच, किती नावं यायची ते त्याला ठाऊक नव्हतं. “वर पुरवणी लिहिलंय, पण मुळात किती नावं होती ते त्यात नाही. आणि युनियनची सही आहे,” साहेब म्हणाले, “लेबर ऑफिसची आहे. कुलूप शाबूत होतं. आता मी हे प्रकरण पुन्हा उघडलं तर उद्या कोणीही येऊन म्हणेल माझी आणखी नावं होती. यासाठीच तर कुलूप लावलं होतं ना तुम्ही लोकांनी?” भाऊराव म्हणाला, हजेरीपट आहेत, मी चार दिवसांत पुन्हा यादी करतो. साहेब म्हणाले, उरलेल्या जागा शनिवारीच दुसऱ्या खाणीला दिल्या. पुढं कधी जागा निघाल्या तर बघू. कधी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. पुढं कधी निघाल्याही नाहीत.

परतीच्या गाडीत तो दारात बसून रडला. लोक बघत होते, बघू दे. त्याला वाटत होतं की कोणी लबाडी केली असती तर बरं झालं असतं. निदान कोणाची गचांडी धरता आली असती.

सौंसरला बातमी त्याच्या आधी पोचली होती. मंजूर झालेल्या नऊ जणींची नावं फुटली होती, आणि त्यांत पुष्पा होती. झालं! माणसाला समजायला दुसरं काय लागतं? भाऊराव स्टेशनवरून वस्तीत शिरला तेव्हा विहारासमोर पन्नासएक जण उभे होते. गुलाब पुढं आला.

“मशीनीत कोनाले हात घालता येत नाही म्हने. तुले बरा आला बे घालता!”

भाऊरावनं सांगायचा प्रयत्न केला. एका नावाची फाईल, तिच्यावर दुसरी, पहिली गेली. जितकं सांगेल तितकं ते खोटं वाटत होतं. मोहगावचा एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे आमचे नावं आधी गेलते, अन् तुह्या बहिनीचं मांगून गेलं, अन् आमचे मिटले. असंच ना?” भाऊराव म्हणाला, असंच. “मंग तूच सांग, आमी काय समजाव?” गुरुवारच्या यादीचा दाखवायला एक चिटोरा नव्हता. सगळं कुलुपात होतं आणि कुलूप लावणारा तो एकटा. सौंसरच्या साहेबांनी तर आपण पुरवणीचं बोललोच नव्हतो, असं लेखी दिलं.

बुधवारी सकाळी खाणीच्या फाटकावर नवी हजेरी वाचायची होती. साहेबांनी सांगितलं, सोमकुवर, तुम्हीच वाचा, तुमचीच यादी आहे. दोनशेवर माणसं आली होती, रोजच्यासारखी डबे घेऊन. त्यांना माहीत होतं, तरी आली होती. चिंधूही आला होता. पुष्पा फाटकाशी मान खाली घालून उभी.

भाऊरावनं नऊ नावं वाचली. नऊ बायांनी हजर म्हटलं, पुष्पाचं तर ऐकूही आलं नाही. मग तो थांबला.

“पुढं वाच,” मागून कोणी ओरडलं.

“पुढं नाही.”

“पान पलटव ना बे!”

त्यानं खरोखर पान पलटवलं आणि उंच धरून दाखवलं. कोरं होतं. कोणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. भाऊरावला वाटत होतं उचलावा. माणसं थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग एकेक करून सौंसरच्या रस्त्याला लागली. गुलाब जाताना फाटकाशी थुंकला. पुष्पा आत जायला तयार होईना. “दादा, मी नाही जात. मी कोनत्या तोंडानं जाऊ? सगळ्यायच्या पोटावर पाय देऊन?” चिंधूनं तिला हातानंच खूण केली. “जा व पोरी. तुह्या पोरी हायेत.” ती गेली, पदरानं तोंड झाकून गेली. चौकीदारानं फाटक लावून घेतलं.

चिंधू फाटकाजवळच्या दगडावर बसला होता. भाऊराव त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. मग चिंधूनं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि हळूच म्हणाला, “भाऊ, एक विचारू? खरं सांगशीन?”

“विचारा ना बा.”

“तूनंच केलं ना? पुष्पीसाठी?” त्यानं श्वास गोळा केला. “केलं असशीन तर मी तुले काही म्हननार नाही. तिले दुसरं कोन हाय? माह्यं तर झालं आता. सगळ्यायचं होत नव्हतं तर एकीचं तरी केलं पोरानं, असं समजीन मी. सांग.”

खरं काय ते भाऊरावनं त्याला सोमवारपासून चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा चिंधूनं ऐकलं होतं आणि चारही वेळा विचारलं होतं, पन मंग आमचे नावं गेले कुठं? त्याला काय सांगणार? बावीस वर्षं गेली, बा, आणि कशासाठीच गेली नाहीत. जुन्याच क्रमांकावर पुरवणी पाठवायची माझ्या हाताला सवय होती म्हणून गेली. हे ऐकून कोण म्हातारा सुखानं डोळे मिटेल? म्हातारा तोंडाकडे बघत होता. त्याला उत्तर काय हवं होतं ते त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

“हो बा,” भाऊराव म्हणाला. “मीच केलं.”

चिंधूनं मान हलवली. “बरं केलं,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला.